यकृतातली पाण्याची गाठ आणि हिरव्या उजेडाचे ऑपरेशन

मुरबाड तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत विहाराच्या ओट्यावर आम्ही बायकांचा रक्तदाब तपासत बसलो होतो. रांग संपत आली तेव्हा चाळिशीची एक ताई पुढे आली. दंड पुढे करण्याऐवजी तिने पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत सोनोग्राफीचा कागद, सीटी स्कॅनची मोठी फिल्म आणि एका खासगी दवाखान्याने लिहून दिलेला खर्चाचा आकडा होता.

"सिस्टर, काळजात पाण्याची गाठ आहे म्हणतात. साध्या दुर्बिणीचे एवढे, आणि हिरव्या लाईटच्या दुर्बिणीचे त्याच्यावर एवढे. हिरव्या लाईटशिवाय केलं तर गाठ परत होते, असं सांगितलं. घरात सात शेळ्या आहेत. विकू का?"

आम्ही कागद वाचत होतो. ती जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आणखी एक विचारू? मटण खाल्ल्यानं झालं का हो हे? तिथं एक जण बोलला, तुमच्या लोकांचं खाणंच तसलं."

ताईचे दोन्ही प्रश्न आपल्या वस्त्यांतल्या अनेकांच्या मनात असणार. शेळ्या विकण्याआधी त्यांची उत्तरे मिळायला हवीत, म्हणून हा लेख.

गाठ कसली?

या गाठीला डॉक्टर हायडॅटिड सिस्ट म्हणतात. ताई "काळजात" म्हणाली ते बरोबरच आहे. बोकडाचे काळीज आपण म्हणतो, तेच माणसाचे यकृत. उजव्या बरगड्यांच्या आत ते असते. गाठ बहुतेक वेळा तिथेच होते, त्याखालोखाल फुफ्फुसात. ही कर्करोगाची गाठ नाही. एका बारीक फितकृमीच्या पिल्लाने स्वतःभोवती बांधलेली ती पाण्याची पिशवी असते. त्या कृमीचे नाव एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस.

मोठा झालेला कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. लांबी काही मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या कणीएवढी. असे शेकडो कृमी पोटात असले तरी कुत्रा आजारी दिसत नाही. त्यांची डोळ्यांना न दिसणारी अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि गवतावर, मातीत, पाण्यात, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर राहतात. शेळी-मेंढी चरताना ती गिळते. मग शेळीच्या काळजात किंवा फोफशात पाण्याच्या पिशव्या तयार होतात. बोकड कापला की खाटकाला त्या दिसतात आणि तो भाग फेकला जातो. फेकलेला भाग कुत्र्याने खाल्ला की पिशवीतले जीव त्याच्या पोटात वाढून सुमारे दीड महिन्यात पुन्हा अंडी पडू लागतात. शेळी ते कुत्रा आणि कुत्रा ते शेळी, हे चक्र असे चालू राहते. माणूस या चक्रात चुकून सापडतो.

मटणाने नाही, अंड्यांनी

आता ताईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो तिला पहिल्यापेक्षा जास्त बोचत होता.

मटण खाऊन ही गाठ होत नाही. शेळीच्या काळजातली पिशवी चुकून माणसाच्या पोटात गेली तरी माणसाला गाठ होत नाही. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी तोंडावाटे पोटात गेली तरच होते. न धुतलेली मेथी-कोथिंबीर, कुत्र्याला कुरवाळून तसाच घास घेतलेला हात, अंगणातल्या मातीत खेळून बोटे तोंडात घालणारे मूल, ही अंडी पोटात जाण्याच्या वाटा आहेत. जन्मात मांसाला न शिवलेल्या घरातही ही गाठ निघते. माणसाकडून माणसालाही ती लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने किंवा बाळाला दूध पाजल्याने ती पसरत नाही.

म्हणून "तुमच्या लोकांचं खाणं" हे वाक्य विज्ञानाच्या कसोटीवर खोटे ठरते. आम्ही वर्षानुवर्षे वॉर्डात काम केले आहे आणि हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत ऐकले आहे. ते ऐकून आपली माणसे खाली मान घालतात आणि पुढचा प्रश्न विचारत नाहीत. पुढचा प्रश्न विचारला नाही की उपचार चुकतो. ताईला आम्ही सांगितले, "तुझ्या ताटाचा यात काही दोष नाही. अंगणातल्या कुत्र्याला जंताचं औषध कधी दिलं होतंस, ते सांग." कुत्र्याला असे औषध असते, हेच तिला कोणी सांगितले नव्हते.

लक्षणे उशिरा, तपासणी सोपी

अंडे पोटात फुटले की त्यातला जीव आतड्याची भिंत ओलांडून रक्तावाटे यकृतात पोहोचतो. तिथे गाठ अगदी सावकाश वाढते. पाच-दहा वर्षे काहीच कळत नाही. पुढे उजव्या बरगड्यांखाली जडपणा, दुखणे, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे किंवा हाताला गोळा लागणे सुरू होते. गाठीतला मळ पित्ताच्या नळीत उतरला तर डोळे पिवळे होतात, ताप येतो. पडल्याने किंवा पोटावर मार बसल्याने गाठ फुटली तर अंगावर गांध्या उठतात, दम लागतो, माणूस बेशुद्ध पडतो. तेव्हा घरगुती उपाय करत बसू नये, लगेच १०८ ला फोन करावा.

ओळखायला सोनोग्राफी पुरते. सोबत छातीचा एक्स-रे काढतात, कारण फुफ्फुसातही गाठ असू शकते. रक्ताची चाचणी मदत करते, पण ती निगेटिव्ह आली म्हणून गाठ नाही असे होत नाही.

सोनोग्राफीवर गाठ कशी दिसते यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००३ साली तिचे टप्पे ठरवून दिले. सीई १ म्हणजे स्वच्छ पाण्याची एकच पिशवी. सीई २ मध्ये मोठ्या पिशवीत लहान लहान पिशव्या असतात, फोडलेल्या डाळिंबात दाणे दिसावेत तशा. सीई ३ मध्ये आतला पापुद्रा सुटू लागलेला असतो किंवा गाठ अर्धी घट्ट झालेली असते. सीई ४ आणि सीई ५ या घट्ट झालेल्या, चुन्यासारख्या कडक होत गेलेल्या गाठी, म्हणजे बहुधा मेलेल्या.

उपचार या टप्प्यावर ठरतो. पाच सेंटिमीटरपेक्षा लहान आणि साध्या पाण्याच्या गाठीला अनेकदा अल्बेंडाझोलच्या गोळ्या पुरतात. काही मोठ्या साध्या गाठींचे पाणी सोनोग्राफीखाली सुईने काढून, आत औषध घालून ते परत ओढून घेतात. आत पिल्लपिशव्या असलेल्या मोठ्या गाठीला बहुधा शस्त्रक्रिया लागते. कडक झालेल्या, त्रास न देणाऱ्या गाठीला काहीच करायचे नसते, फक्त ठरावीक काळाने सोनोग्राफी करायची. ऑपरेशन सुचवले की आधी विचारावे, "गाठ कोणत्या टप्प्याची आहे? ऑपरेशन लागणारच आहे का?"

गोळ्यांबद्दल एक खुलासा. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत मिळते तीही अल्बेंडाझोलच. पण ती एक गोळी पोटातल्या साध्या जंतांसाठी असते. या गाठीसाठी वजनाप्रमाणे, दिवसातून दोनदा, अनेक आठवडे ते महिने गोळ्या घ्याव्या लागतात, त्याही तेल-तूप असलेल्या जेवणासोबत, म्हणजे अंगी लागतात. अधूनमधून यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी करावी लागते. दिवस गेले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. मेडिकलमधून आणून मनाने घेण्याचे हे औषध नाही.

अंदाजाने सुई टोचू देऊ नये

गाठीतले पाणी दिसायला विहिरीच्या पाण्यासारखे नितळ, पण त्यात हजारो सूक्ष्म जीव असतात. ते पोटात सांडले तर दोन धोके असतात. एक म्हणजे शरीराची जबर ॲलर्जी उसळते, रक्तदाब कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. दुसरा म्हणजे सांडलेला प्रत्येक जीव नवी गाठ धरू शकतो. एका गाठीच्या जागी काही वर्षांनी पोटभर गाठी होतात. म्हणून "पाणीच आहे, सुईने काढून टाकू" असे म्हणून पुरेशी तयारी नसलेल्या ठिकाणी कोणी सुई पुढे केली, तर तिथून उठावे. हे काम फक्त अनुभवी डॉक्टरांनी, सोनोग्राफीखाली, गोळ्या सुरू करून आणि ॲलर्जीवरची औषधे जवळ ठेवूनच करायचे असते.

दुर्बिणीतून गाठ कशी काढतात?

आपल्या बायकांना दुर्बिणीचे ऑपरेशन नवे नाही. कुटुंब नियोजनाच्या शिबिरातले "बिनटाक्याचे" ऑपरेशन म्हणजे तेच. मोठा छेद न घेता बेंबीजवळ आणि पोटावर बोटाच्या पेराएवढी तीन-चार भोके करतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करतात. एका भोकातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारे. सर्जन पडद्यावर बघून काम करतात. जखम लहान असल्याने दुखणे कमी असते, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला लवकर उभे राहता येते.

पित्ताशय दुर्बिणीतून काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. हे रुग्णालय सरकारी आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

यकृतातल्या गाठीत सर्जनला सर्वांत मोठी काळजी सांडण्याची असते. म्हणून गाठीभोवती कृमी मारणाऱ्या द्रावणात, उदाहरणार्थ खूप खारट सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजच्या पट्ट्या रचतात. मग पाणी ओढून घेतात, आतला पांढरा पापुद्रा आणि पिल्लपिशव्या पिशवीत घालून बाहेर काढतात. गाठीचे वरचे छत कापतात आणि उरलेला खड्डा तपासतात. कोइंबतूरचे डॉ. सी. पलानिवेलू यांनी याच कामासाठी एक खास नळी तयार केली. तिच्या आतल्या नळीने गाठीतले पाणी ओढले जाते आणि बाहेरच्या नळीने कडेने झिरपलेला थेंबही शोषला जातो. "पलानिवेलू हायडॅटिड सिस्टिम" या नावाने ती देशाबाहेरच्या सर्जनांनाही माहीत आहे.

सगळ्याच गाठी दुर्बिणीतून निघत नाहीत. यकृताच्या खोल किंवा मागच्या भागातली, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली, किंवा खूप गाठी असतील तर पोट उघडूनच करणे सुरक्षित असते. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावे लागले तर सर्जन हरले असे समजू नये. रुग्णाचा जीव सांभाळण्यासाठीच तो निर्णय घेतात.

हिरवा उजेड म्हणजे काय?

यकृत पित्त बनवते. पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचे जाळे यकृतभर असते, भाताच्या खाचरांत पाटांचे असते तसे. गाठ वाढताना या नळ्यांना दाबते, झिजवते आणि काही नळ्यांची तोंडे गाठीच्या भिंतीत उघडतात. गाठ रिकामी केल्यावर त्या तोंडांतून पित्त झिरपत राहते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला सर्वाधिक छळणारी भानगड बहुधा हीच. तोंड सापडले तर एका टाक्यात बंद होते. पण ते सुईच्या अग्राएवढे असू शकते आणि साध्या उजेडात चुकते.

इथे इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग उपयोगी पडतो. गडद हिरवी पूड पाण्यात विरघळवून थोडीशी शिरेतून देतात. कोडॅक या फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत हा रंग तयार झाला आणि १९५९ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे रंग जुनाच आहे. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याशी त्याची जोडी मात्र अलीकडे जमली.

रक्तातला हा रंग यकृत काही मिनिटांत उचलते आणि थेट पित्तात सोडते. दुसरीकडे कुठे तो साठत नाही, शौचावाटे निघून जातो. त्याच्यावर इन्फ्रारेड जातीचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकला की तो स्वतः मंद चकाकतो. ती चकाकीही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, खास कॅमेऱ्यालाच दिसते. पडद्यावर ती हिरवी रंगवून दाखवतात, म्हणून लोक "हिरवी लाईट" म्हणतात. हे एक्स-रेसारखे किरण नाहीत.

सर्जनला याचे तीन फायदे होतात. जिवंत यकृत हिरवे चमकते आणि गाठीत रक्त खेळत नसल्याने ती काळी राहते, त्यामुळे गाठीची हद्द कळते. पित्ताची मोठी नळी आधीच दिसते, तिला धक्का लागण्याचा धोका कमी होतो. आणि गाठ रिकामी केल्यावर खड्ड्यात कुठे हिरवा ठिपका उमटला तर पित्ताची गळती तिथे आहे हे कळते आणि टाका तिथे घालता येतो. ही गळती बघण्याला आणखी एक कारण आहे. गाठ पित्ताच्या नळीला जोडलेली असेल तर कृमी मारणारे द्रावण आत सोडणे धोक्याचे असते, कारण ते नळ्यांना कायमची इजा करू शकते.

उजेड काय करत नाही?

दवाखान्याच्या कागदावर हा भाग लिहिलेला नसतो, म्हणून नीट वाचावा.

हा उजेड कृमी मारत नाही. तो कृमी दाखवतही नाही, यकृत आणि पित्त दाखवतो. गाठ परत होते ती पाणी सांडल्याने, पिल्लपिशवी मागे राहिल्याने किंवा गोळ्या अर्धवट सोडल्याने. त्यामुळे "हिरव्या लाईटशिवाय केलं तर गाठ परत होते" असे ताईला सांगितले गेले ते चूक होते. उजेड पित्ताची गळती शोधायला मदत करतो. गाठ परत न येण्याची हमी तो देत नाही.

शिवाय ही चकाकी मांसातून जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर खोलीपर्यंतच दिसते. यकृताच्या पोटात दडलेली गाठ त्यात दिसणार नाही. खड्ड्यात पित्त आधीच पसरले असेल तर सगळेच हिरवे दिसते आणि नेमके भोक ओळखू येत नाही. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत या रंगाचा वापर भरपूर झाला आहे. हायडॅटिड गाठीत मात्र आजवर प्रसिद्ध झालेले अनुभव बहुतेक एकेका रुग्णाचे किंवा छोट्या गटांचे आहेत. म्हणून तो उपयोगी मदतनीस आहे, पण त्याच्याशिवाय ऑपरेशन होऊच शकत नाही असे मुळीच नाही. अनुभवी सर्जन रिकाम्या खड्ड्यात पांढरे गॉज दाबून ठेवतात आणि पिवळा डाग कुठे पडतो ते बघतात. कॅमेरा खड्ड्याच्या आत नेऊनही तपासतात.

रंगाच्या औषधात आयोडीन असते. आयोडीनची किंवा पूर्वी सीटी स्कॅनच्या औषधाची ॲलर्जी झाली असेल तर आधी सांगणे रुग्णाच्या हिताचे आहे.

सर्जनला विचारायचे प्रश्न

हे कागदावर लिहून सोबत न्यावेत. विचारायला लाजू नये.

१. गाठ कोणत्या टप्प्याची आणि किती सेंटिमीटरची आहे? फुफ्फुसात आहे का?
२. गोळ्यांवर भागेल का? ऑपरेशनआधी आणि नंतर गोळ्या किती दिवस?
३. दुर्बिणीतून होईल की पोट उघडून? तुम्ही अशा गाठीची ऑपरेशने करता का?
४. पाणी सांडू नये म्हणून काय करणार?
५. पित्ताची गळती कशी शोधणार? हिरवा उजेड इथे आहे का? त्याचे वेगळे पैसे लागतात का?
६. गळती झाली तर पुढचा उपचार इथेच होईल का?

या सहांत चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या सर्जनकडे त्याचे नीट उत्तर आहे, त्याच्याकडे हिरवा उजेड नसला तरी चालेल. चौथ्याचे उत्तर नाही आणि उजेड मात्र आहे, तिथे ऑपरेशन करून घेऊ नये.

शेळ्या विकू नका, आधी हे करा

मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, इथून सुरुवात करावी. कागद दाखवून पुढची चिठ्ठी घ्यावी. मुरबाडहून एसटीने कल्याण, शहापूरकरांनी आसनगावहून लोकल, मग कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा मुंबईचे जे. जे., केईएम. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथे आधी जावे आणि आपले ऑपरेशन योजनेत बसते का, कुठे होते, हे विचारावे. योजनेचा फोन १५५३८८. दाखल होण्याआधी विचारावे, नंतर विचारले तर खूप धावाधाव होते.

ताईची गाठ नऊ सेंटिमीटरची होती, आत पिल्लपिशव्या होत्या. म्हणजे ऑपरेशन लागणारच होते. आम्ही तिच्यासोबत मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात गेलो. तारीख मिळेपर्यंत गोळ्या सुरू झाल्या. सर्जन बाईंनी आमचे सहाही प्रश्न ऐकले आणि पाचव्याला सरळ उत्तर दिले, "तो कॅमेरा आमच्या थिएटरात नाही. गॉज लावून बघू." चार भोकांतून गाठ निघाली. पोट उघडावे लागले नाही, थेंब सांडला नाही.

पण तिसऱ्या दिवशी तिच्या नळीच्या पिशवीत पिवळे-हिरवे पाणी दिसू लागले. एक भोक चुकले होते. जवळपास तीन आठवडे ती पिशवी कुशीला बांधून फिरली. त्याच अवस्थेत एसटीने घरी आली, तपासणीला परत गेली. नवरा आसनगावच्या एका कंपनीत रोजंदारीवर आहे, त्याचे खाडे पडले. गळती कमी होत होत आपोआप थांबली. थांबली नसती तर तोंडावाटे दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत छोटी नळी बसवावी लागली असती.

त्या तीन आठवड्यांत आम्ही सर्जन बाईंना विचारले, हिरवा उजेड असता तर हे टळले असते का? त्या म्हणाल्या, "कदाचित. भोक रक्ताच्या गाठीखाली दडलेलं असेल तर तेव्हाही चुकलं असतं. पण तो कॅमेरा मला हवा आहे."

तो आम्हालाही हवा आहे. १९९० साली दुर्बिणीचे नवे तंत्र सरकारी रुग्णालयात आधी पोहोचू शकले, तर हा कॅमेरा पैसेवाल्यांच्या दवाखान्यातच का अडकून राहावा? शहापूर तालुका भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मुंबईला देतो आणि इथल्या पाड्यांत उन्हाळ्यात टँकर येतो. निदान आपल्या आजारी माणसाला मुंबईच्या सरकारी थिएटरात चांगली साधने मिळावीत, एवढी मागणी आपण आमदारांकडे आणि आरोग्य विभागाकडे लेखी करू शकतो. मंडळाच्या लेटरहेडवर एक पान पुरेसे आहे.

चक्र आपल्या अंगणात तुटते

नवी गाठ होऊ न देण्याचे काम कोणताही कॅमेरा करत नाही. ते वस्तीतच करावे लागते.

आपल्या भागात हळदीला बोकड पडतो, जत्रेत पडतो, रविवारी नाक्यावर पडतो. पाण्याच्या पिशव्या असलेले काळीज किंवा फोफसा उकिरड्यावर टाकू नये, कुत्र्याला तर मुळीच घालू नये. तो जाळावा, अर्धा तास खळखळ उकळावा, किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरून वर दगड ठेवावेत. हळदीच्या आदल्या दिवशी खड्डा खणणे हे काम मंडळातल्या दोन पोरांना नेमून द्यावे.

मेलेली गुरे-शेळ्या माळावर पडून राहतात आणि कुत्री त्यांवर तुटून पडतात. मेलेले जनावर ओढण्याचे काम आपल्या आजा-पणज्यांवर जातीने लादले होते. महाडच्या १९२७ च्या परिषदेनंतर त्यांनी ते गावोगाव नाकारले, आणि ते पुन्हा कुणा जातीच्या गळ्यात पडता कामा नये. बेवारस मृत जनावरांची विल्हेवाट हे ग्रामपंचायतीचे काम आहे. ग्रामसभेत तसा ठराव मांडावा.

कुत्र्याला प्राझिक्वांटेल हे जंताचे औषध वर्षातून किमान चार वेळा द्यावे. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. औषध दिल्यावर दोन-तीन दिवस त्याची विष्ठा फडक्याने किंवा फावड्याने उचलून पुरावी, नंतर हात साबणाने धुवावेत. कुत्र्यांना मारणे किंवा विष घालणे हा उपाय नाही, तो गुन्हा आहे. घाट उतरून मेंढरे घेऊन येणाऱ्या धनगर बांधवांनाही दोष देऊ नये. त्यांच्या कुत्र्यांनाही औषध मिळेल अशी सोय पंचायतीकडून करून घ्यावी.

पालेभाज्या आणि पावसाळ्यातल्या रानभाज्या दोन-तीन पाण्यांतून धुवाव्यात, शिजवून खाव्यात. शिजवल्याने अंडी मरतात. कुत्र्याला हात लावल्यावर, अंगण झाडल्यावर आणि जेवणाआधी हात धुवावेत. पाणी लांबून आणावे लागते हे आम्हाला माहीत आहे, पण हाताला एक तांब्या पुरतो.

आइसलँड नावाचा एक थंड देश आहे. दीडशे वर्षांपूर्वी तिथे ही गाठ घराघरांत होती. १८६३ साली हराल्ड क्राब्बे हे डेन्मार्कचे पशुवैद्यक तिथे गेले. कुत्रा आणि मेंढीचे हे चक्र समजावणारी त्यांची लहान पुस्तिका पुढच्या वर्षी घरोघरी फुकट वाटली गेली. लोकांनी ती वाचली, मेंढीचे खराब अवयव कुत्र्यांना घालणे बंद केले, कुत्र्यांना औषध दिले, सरकारने कायदा केला. पुढे तिथून हा रोग नाहीसा झाला. तेव्हा त्यांच्याकडे सोनोग्राफी नव्हती, दुर्बीण नव्हती, हिरवा उजेडही नव्हता.

ताईच्या घरातल्या सगळ्यांची सोनोग्राफी आम्ही करून घेतली. बाकी कोणाला काही निघाले नाही. तिच्या कुत्र्याला आता दर तीन महिन्यांनी औषध मिळते. तारीख तिची मुलगी कॅलेंडरवर लिहून ठेवते. शेळ्या विकल्या नाहीत. सातच्या नऊ झाल्या आहेत.

हे पान विहारात येत्या रविवारी मोठ्याने वाचून दाखवावे. ज्यांच्या घरी कुत्रा आणि शेळ्या दोन्ही आहेत, त्यांची नावे एका वहीत लिहावीत. पशुवैद्यकीय दवाखान्यात ती वही घेऊन चार जणींनी मिळून जावे. एकटीला कदाचित उद्या या म्हणतील, म्हणून चौघी सोबतच असाव्यात.